सायनॅप्स आणि त्याचा शेजार : प्रस्तावना

मेंदूविषयीच्या पाठ्यपुस्तकांत सायनॅप्सचे जे चित्र गेली कित्येक दशके छापले जात आहे, त्यात दोनच घटक असतात : संदेश धाडणारी एक चेतापेशी आणि तो स्वीकारणारी दुसरी. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद फट दाखवलेली असते, आणि भोवतालचा कागद कोरा सोडलेला असतो. विद्यार्थ्याला विषय समजावा म्हणून केलेले हे सुलभीकरण कालांतराने संशोधकांच्याही मनात वस्तुस्थिती म्हणून रुजले, आणि शिकणे, विसरणे, आठवणे या साऱ्यांचा उलगडा त्या दोन पेशींच्या आपसातील व्यवहारातच शोधला जाऊ लागला. प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतीचा पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मात्र असा कोरा भाग कुठेच आढळत नाही. सायनॅप्सच्या कडेला तारकापेशी या चेतापेशीहून वेगळ्या पेशीचा पडद्यासारखा पातळ प्रवर्ध येऊन टेकलेला असतो, जवळच मायक्रोग्लिया या पेशीचे हलते टोक असू शकते, आणि फटीत तसेच तिच्या सभोवार शर्करा व प्रथिने यांच्या लांब रेणूंची गुंफण पसरलेली असते. सायनॅप्स केव्हा जुळावा, किती सबळ असावा, केव्हा मोडून काढावा आणि कोणत्या वयानंतर आहे तसा टिकवून धरावा, या निर्णयांत या शेजाराचा वाटा किती आणि तो कोणत्या मार्गाने पार पाडला जातो, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

‘सायनॅप्स’ ही संज्ञा चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये रूढ केली. एका चेतापेशीच्या लांब तंतूचे, म्हणजे अक्षतंतूचे, टोक जेथे दुसऱ्या चेतापेशीला अगदी निकट येते, तरी तिच्याशी एकजीव होत नाही, ते स्थान या शब्दाने दर्शविले जाते. मधली फट सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी असते. पहिल्या पेशीतून आलेला विद्युत् आवेग टोकापाशी पोचला की तेथील सूक्ष्म पिशव्यांतून चेतापारेषक नावाचे रसायन फटीत सोडले जाते, ते पलीकडच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना जाऊन चिकटते, आणि त्या पेशीत नवा विद्युत् बदल घडतो. वापरानुसार हे सायनॅप्स सबळ वा दुर्बळ होतात, नवे जुळतात, जुने नाहीसे होतात. या बदलक्षमतेला मेंदूची घडणक्षमता म्हणतात, आणि शिकण्याचा पाया तिच्यातच आहे असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. घडणक्षमता जितकी मोलाची तितकीच ती धोक्याचीही आहे, कारण जे सदैव बदलू शकते त्यात काहीच टिकून राहत नाही. बदल आणि स्थैर्य यांचा तोल चेतापेशींच्या बाहेरून बऱ्याच अंशी सांभाळला जातो, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

चेतापेशींव्यतिरिक्त मेंदूत आणखी काही द्रव्य आहे, ही जाणीव जुनी आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८५८ च्या व्याख्यानांत या द्रव्याचे वर्णन चेतातंतूंना एकत्र धरून ठेवणारे बंधक असे केले आणि त्यासाठी न्यूरोग्लिया हे नाव वापरले. इटलीतील कामिल्लो गोल्जी याने १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांवर आधारलेली रंजनपद्धती शोधली, त्यामुळे मेंदूतील एकेक पेशी तिच्या साऱ्या शाखांसह काळ्या रंगात उठून दिसू लागली, आणि त्या पद्धतीचा वापर अधिक सूक्ष्मतेने करणाऱ्या सान्तियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चेतापेशी या परस्परांपासून स्वतंत्र असतात हे दाखवले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, जरी मेंदूच्या रचनेविषयी त्यांची मते परस्परविरोधी होती. त्यांच्या या प्रसिद्ध वादाच्या सावलीत आणखी एक मतभेद झाकला गेला. गोल्जीने १८९० च्या दशकात काही चेतापेशींभोवती जाळीदार वेष्टन पाहिल्याची नोंद केली होती, तर काहालच्या मते ते रंजनक्रियेत साकळलेल्या द्रवाचे कृत्रिम अवशेष होते. काहालचा अधिकार इतका मोठा होता की ते जाळे पुढे दीर्घकाळ जवळजवळ विस्मरणात गेले. चेतापेशींच्या स्वातंत्र्याबाबत काहाल बरोबर ठरला आणि या जाळ्याबाबत गोल्जी, हे आज निर्विवाद आहे.

काहालच्याच परंपरेतील पिओ देल रिओ-ओर्तेगा याने १९१९ मध्ये मायक्रोग्लिया या पेशींचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध केले आणि त्यानंतर लवकरच ऑलिगोडेंड्रोसाइट या, अक्षतंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण गुंडाळणाऱ्या, पेशींचेही वर्णन केले. तारकापेशी, मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट या तीन प्रमुख ग्लायल पेशींचा, म्हणजे न्यूरोग्लियातील पेशींचा, परिचय अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच झालेला होता. तरीही त्या दुर्लक्षित राहिल्या याचे कारण उपकरणांत शोधावे लागते. विसाव्या शतकातील चेताविज्ञान वाढले ते विद्युत् संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या बळावर, आणि ग्लायल पेशी चेतापेशींसारखे आवेग निर्माण करीत नाहीत. जे मोजता येत नव्हते ते निष्क्रिय मानले गेले, आणि शास्त्राच्या इतिहासात अशी गफलत नवी नाही. मेंदूत ग्लायल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे विधानही याच काळात पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिले. ब्राझीलच्या सुझाना एर्कुलानो-हुझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच, म्हणजे ८५ अब्ज, इतर पेशी असतात. ग्लायल पेशींचे महत्त्व पटवून देण्यासाठी दहापटीच्या त्या जुन्या आकड्याची गरज नाही.

त्यांचे महत्त्व ज्या प्रयोगांनी खऱ्या अर्थाने प्रस्थापित केले, ते स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत झाले. प्रश्न साधा होता : चेतापेशींना पूर्ण एकटे ठेवले, तर त्या आपसात सायनॅप्स जुळवू शकतात का? साधा असूनही तो पूर्वी विचारता येत नव्हता, कारण चेतापेशींच्या कोणत्याही संवर्धनात ग्लायल पेशींची भेसळ असेच. बॅरेस यांनी विशिष्ट पेशींच्या पृष्ठभागाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा उपयोग करून उंदरवर्गीय प्राण्यांच्या दृष्टिपटलातील गुच्छिकापेशी, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी, जवळजवळ निर्भेळ स्वरूपात वेगळ्या काढण्याची रीत बसवली होती. अशा शुद्ध संवर्धनात पेशी जगल्या, त्यांचे तंतू वाढले, त्या विद्युत्दृष्ट्या उत्तेजितही होऊ शकत होत्या, पण त्यांच्यातील सायनॅप्सचे काम अगदी मंद होते आणि संदेश वारंवार मधेच गळत होता. फ्रांक फ्रीगर आणि बॅरेस यांनी १९९७ मध्ये दाखवले की त्याच पेशींच्या सोबतीला ग्लायल पेशी ठेवल्या की आपोआप घडणाऱ्या सायनॅप्सक्रियेची वारंवारता सुमारे ७० पटींनी वाढते. चार वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून अधिक मूलभूत निष्कर्ष पुढे आला. ग्लायल पेशींच्या सान्निध्यात परिपक्व सायनॅप्सची संख्याच सुमारे सातपट होते, आणि त्या काढून घेतल्यास जुळलेले सायनॅप्स टिकत नाहीत. प्राण्याच्या मेंदूतही या पेशींचे सायनॅप्स बहुसंख्येने तयार होतात ते तारकापेशींची वाढ होते त्याच सुमारास. दोन चेतापेशींची जवळीक सायनॅप्ससाठी आवश्यक असली तरी पुरेशी नसते, हे येथे प्रथमच निःसंदिग्धपणे दिसले.

तारकापेशी नेमके काय पुरवतात, याचा शोध त्यानंतर सुरू झाला आणि त्यात ग्लायल पेशी आणि पेशीबाह्य आधारद्रव्य या ग्रंथाच्या दोन विषयांना जोडणारा दुवा सापडला. २००५ मध्ये ओळखले गेलेले पहिले प्रथिन होते थ्रॉम्बोस्पॉन्डिन. हे प्रथिन पेशीबाह्य आधारद्रव्याच्या, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या व त्यांच्यामधील जागा व्यापणाऱ्या रेणूंच्या, परिवारातले आहे, आणि रक्त साकळण्याच्या संदर्भात ते आधीपासून ठाऊक होते. त्याच्या प्रभावाने जुळलेले सायनॅप्स सूक्ष्मदर्शकाखाली पूर्णपणे योग्य दिसत, पण ते मूक असत, कारण पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेट या प्रमुख उत्तेजक चेतापारेषकाला प्रतिसाद देणारे आम्पा ग्राही पोचलेले नसत. ते पोचवण्याचे काम ग्लिपिकन नावाची दुसरी प्रथिने करतात, तीही तारकापेशींतूनच येतात, हे २०१२ मध्ये समजले. मधल्या काळात हेविन आणि स्पार्क ही जोडगोळी उजेडात आली होती. हेविन सायनॅप्सची निर्मिती वाढवते आणि त्याच्याशी रचनेने साम्य असणारे स्पार्क ती रोखते, आणि दोन्ही स्रवतात तारकापेशी. म्हणजे एकाच पेशीच्या हाती प्रोत्साहन आणि निर्बंध अशी दोन्ही साधने असतात. फ्रीगर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की तारकापेशींकडून मिळणारे कोलेस्टेरॉलही सायनॅप्सच्या घडणीला हातभार लावते.

थ्रॉम्बोस्पॉन्डिनच्या कथेला एक वैद्यकीय उपकथानक आहे, आणि ते मराठी वाचकांपैकी अनेकांच्या घरापर्यंत पोचणारे आहे. चेतापेशीवरील ज्या ग्राहीला हे प्रथिन चिकटते, तोच ग्राही गॅबापेन्टिन या औषधाचेही लक्ष्य असल्याचे २००९ मध्ये आढळले. मधुमेहातील वा नागिणीनंतरच्या चेतावेदनेसाठी, तसेच अपस्मारासाठी, हे औषध जगभर आणि भारतातही सर्रास लिहून दिले जाते. प्राण्यांतील प्रयोगांत ते नव्या उत्तेजक सायनॅप्सची निर्मिती थांबवते, आधी जुळलेले मात्र मोडत नाही. अनेक वर्षे वापरात असलेल्या औषधाच्या कार्यपद्धतीचा एक पैलू असा अनपेक्षितपणे तारकापेशींच्या अभ्यासातून उलगडावा, हे मूलभूत संशोधनाचे मोल पटवणारे आहे.

सायनॅप्स जुळल्यानंतर त्याच्या रोजच्या कामकाजातही तारकापेशी सहभागी असते, आणि तिचे पहिले काम आहे सफाईचे. फटीत सोडलेले ग्लुटामेट तेथेच रेंगाळले, तर एक संदेश दुसऱ्यात मिसळतो, आणि त्याचे प्रमाण फार वाढले तर अतिउत्तेजनाने चेतापेशी मरते. फटीतील ग्लुटामेटचे विघटन करणारे कोणतेही विकर तेथे नसते, म्हणून ते उचलून नेणे हाच मार्ग उरतो. तारकापेशींच्या आवरणातील वाहक प्रथिने, विशेषतः जीएलटी-१ हे प्रथिन, हे काम मोठ्या प्रमाणावर करतात. उचललेल्या ग्लुटामेटचे तारकापेशी ग्लुटामाइनमध्ये रूपांतर करते आणि ते निरुपद्रवी रूप चेतापेशीला परत देते. ग्लुटामेटच्या ग्राहींचे अतिउत्तेजन किती घातक असते याचे एक उदाहरण विदर्भ आणि मध्य भारताने पाहिलेले आहे. लाखोळी डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय कायमचे लुळे पडण्याचा जो विकार होतो, त्याला कारणीभूत मानला जाणारा त्या डाळीतील अमिनो आम्लवर्गीय घटक आम्पा ग्राहींना ग्लुटामेटसारखाच उत्तेजित करतो. दुष्काळात दुसरे काही न पिकल्याने गरिबांच्या ताटात ही डाळ उरे, म्हणून हा विकार चेताविज्ञानाइतकाच अन्नवंचनेच्याही इतिहासाचा भाग आहे.

ही सफाई सर्व काळ सारख्या गतीने होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे खरे सामर्थ्य कळते. उंदराच्या मादीत स्तनपानाच्या काळात अधोथॅलॅमसच्या एका विशिष्ट केंद्रकात तारकापेशींचे प्रवर्ध सायनॅप्सपासून मागे सरतात. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की त्यामुळे ग्लुटामेट उचलण्याचा वेग कमी होतो आणि सायनॅप्समधून पुढे सोडल्या जाणाऱ्या पारेषकाचे प्रमाणच बदलते. २००६ मध्ये त्यांनी याच केंद्रकात आणखी एक गोष्ट दाखवली : तारकापेशी डी-सेरीन नावाचे अमिनो आम्ल पुरवते, आणि स्मृतीशी निगडित असलेले एनएमडीए ग्राही त्याच्या साहाय्याविना पुरते उघडत नाहीत. प्रवर्ध मागे सरले की हे साहाय्यही दुरावते आणि सायनॅप्स सबळ वा दुर्बळ होण्याची दिशा पालटते. पेशीच्या केवळ आकारबदलातून, आणि तोही शरीराच्या एका नैसर्गिक अवस्थेत, सायनॅप्सचे नियम बदलतात हे दाखवणारे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. एका पेशीचा प्रभाव किती सायनॅप्सवर पडू शकतो, हे तिच्या विस्तारावरून कळते. कृंतकांच्या, म्हणजे उंदरवर्गीय प्राण्यांच्या, मेंदूत एका तारकापेशीच्या क्षेत्रात सुमारे लाखभर सायनॅप्स येतात आणि शेजारच्या दोन तारकापेशींची क्षेत्रे एकमेकींत फारशी शिरत नाहीत. मानवी तारकापेशी व्यासाने अडीचपटीहून मोठी असते आणि तिच्या क्षेत्रात वीस लाखांपर्यंत सायनॅप्स येऊ शकतात, असा अंदाज आहे.

तारकापेशी सायनॅप्सचा संदेश ऐकते आणि त्याला उत्तरही देते, या कल्पनेतून १९९९ मध्ये अल्फोन्सो अराके, फिलिप हेडन आणि सहकाऱ्यांनी ‘त्रिभागी सायनॅप्स’ ही संकल्पना मांडली. तिच्या पूर्वार्धाबाबत आज शंका नाही. ग्लुटामेटच्या संपर्काने तारकापेशीत कॅल्शियमच्या लहरी उठतात हे १९९० पासून ज्ञात आहे. उत्तरार्ध मात्र वादग्रस्त आहे. तारकापेशी चेतापेशीप्रमाणे पिशव्यांतून पारेषक सोडते का, निरोगी प्रौढ मेंदूत हे घडते का, आणि ज्या जनुकपरिवर्तित उंदरांवर हे निष्कर्ष आधारले आहेत त्यांत बदल फक्त तारकापेशींपुरताच मर्यादित होता का, यांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. या वादात कोणतीही बाजू घाईने स्वीकारण्याचे कारण नाही. तारकापेशींना ‘मेंदूचा लपलेला दुसरा अर्धा’ ठरवणारे उत्साही लेखन जितके अपुरे आहे, तितकेच त्यांना केवळ परिचारिका मानणारे जुने लेखनही अपुरे आहे.

सायनॅप्सची निर्मिती जितकी महत्त्वाची, तितकीच त्यांची छाटणीही. बाल्यावस्थेत मेंदू गरजेपेक्षा पुष्कळ अधिक सायनॅप्स तयार करतो आणि अनुभवाच्या कसोटीवर त्यांतील बरेच मोडून काढतो. हे मोडण्याचे काम मायक्रोग्लिया करतात, आणि त्यासाठी त्या शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील जुनी साधने वापरतात. या पेशींचा उगमही तसाच आहे, कारण त्या चेतापेशींच्या कुळातल्या नसून भ्रूणाच्या पीतककोशात जन्मलेल्या आणि मेंदूत येऊन स्थायिक झालेल्या भक्षकपेशी आहेत. जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांचे निरीक्षण करता आले तेव्हा, म्हणजे २००५ मध्ये, कळले की ज्यांना ‘विश्रांत’ समजले जात होते त्या पेशींचे प्रवर्ध अखंड हलत असतात. पुढे जपानी संशोधकांना दिसले की त्या सायनॅप्सना सुमारे तासातून एकदा, काही मिनिटे स्पर्श करून जातात. बेथ स्टीव्हन्स यांनी बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत असताना २००७ मध्ये दाखवले की रक्तात जिवाणूंवर खूण करणारी पूरक प्रथिने, सी१क्यू आणि सी३, विकसनशील मेंदूत अनावश्यक सायनॅप्सवरही खूण करतात, आणि त्या खुणेचा माग काढून मायक्रोग्लिया ते गिळतात, हे २०१२ पर्यंत स्पष्ट झाले. डोळ्याकडून आलेल्या ज्या तंतूंची सक्रियता कमी, ते अधिक गिळले जातात. तारकापेशीही वेगळ्या ग्राहींच्या साहाय्याने सायनॅप्स गिळतात, असे २०१३ मध्ये दिसून आले. ज्या पेशीने सायनॅप्स जुळवायला मदत केली तिलाच तो संपवण्याचीही मुभा असावी, यातून निर्मिती आणि विनाश यांचा कारभार एकाच हाती असल्याचे लक्षात येते.

आता उरते ते पेशीबाह्य आधारद्रव्य, आणि येथे वाचकाने थोडे थांबून लक्ष द्यावे, कारण या द्रव्याविषयीची सर्वसाधारण कल्पना त्वचा व हाडांवरून आलेली असते. मेंदूच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा पेशींच्या बाहेर असतो. त्वचेतील व हाडांतील आधारद्रव्याचा कणा असलेले तंतुमय कोलॅजन मेंदूच्या या जागेत नगण्य असते, आणि मेंदू इतका मऊ का, याचे ते एक कारण आहे. त्याऐवजी येथे कणा म्हणून असतो हायल्युरोनन, म्हणजे कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून प्रथम वेगळा केलेला, अतिशय लांब शर्करारेणू. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जसा पाणी धरून ठेवणारा पारदर्शक थर फुगून येतो, तसा हा रेणूही आपल्या भोवती पुष्कळ पाणी धरून ठेवतो. त्याला जोडप्रथिनांच्या साहाय्याने कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन, म्हणजे ऋणभारित शर्करासाखळ्यांनी वेढलेली अॅग्रेकन, ब्रेव्हिकन, न्यूरोकन यांसारखी प्रथिने, लगडलेली असतात, आणि टेनासिन-आर हे प्रथिन त्यांना एकमेकांशी बांधते. हे घटक चेतापेशी आणि ग्लायल पेशी दोन्ही तयार करतात. काही विशिष्ट चेतापेशींभोवती हे द्रव्य दाटून त्याचे स्पष्ट जाळे बनते, ज्याच्या छिद्रांतूनच सायनॅप्स पेशीपर्यंत पोचतात. गोल्जीने पाहिलेले जाळे ते हेच, आणि त्याला आज पेरीन्यूरोनल नेट, म्हणजे चेतापेशीभोवतीचे जाळे, असे म्हणतात. मेंदूच्या बाह्यकात ते मुख्यतः जलद आवेग देणाऱ्या निरोधक पेशींभोवती, म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींभोवती, आढळते.

हे जाळे जन्मतः नसते. अनुभवाने मेंदूची घडण सर्वाधिक होते तो बाल्यातील निर्णायक काळ संपत येतो, तसतसे ते दाट होत जाते. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन विझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरांच्या पिल्लांवर दाखवले होते की या काळात एक डोळा बंद राहिला, तर दृष्टिबाह्यकातील पेशी त्या डोळ्याकडे कायमचे दुर्लक्ष करू लागतात, आणि प्रौढ मांजरात असे घडत नाही. लहान मुलांत ‘आळशी डोळा’ वेळेवर ओळखून उपचार करण्याचा आग्रह नेत्रतज्ज्ञ धरतात, त्यामागेही हीच काळाची मर्यादा आहे. या मर्यादेचे एक कारण जाळ्यात असावे, हे इटलीतील पिसा येथे तोम्मासो पित्सोरुस्सो, लाम्बेर्तो माफेई आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. त्यांनी प्रौढ उंदरांच्या दृष्टिबाह्यकात एका जिवाणूपासून मिळवलेले, कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या तोडणारे विकर टोचले, तेव्हा प्रौढ मेंदूत डोळ्यांच्या वरचढपणाची ती हरवलेली घडणक्षमता पुन्हा दिसू लागली. त्याच वर्षी इंग्लंडमधील संशोधकांनी याच विकराने मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांत काही हालचाली सुधारल्याचे नोंदवले. बासेल येथील गटाने २००९ मध्ये हा प्रश्न स्मृतीपर्यंत नेला. अगदी कोवळ्या वयातील प्राण्यांत भीतीची आठवण पुढील अनुभवाने पुसली जाऊ शकते, प्रौढांत ती केवळ दबते व पुन्हा उसळते, आणि या दोन अवस्थांच्या मध्ये भावनांशी संबंधित अमिग्डला या भागात जाळे तयार होते. प्रौढ उंदरात ते विरघळवून नंतर भीतीचा अनुभव दिला, तर ती आठवण पुसण्याजोगी राहते. अनुभव आधी दिला आणि जाळे मागाहून विरघळवले, तर मात्र परिणाम होत नाही. यातला क्रम विचारात घेण्याजोगा आहे, कारण त्यावरून जाळे आठवणीच्या साठवणीपेक्षा तिच्या संरक्षणाशी निगडित असल्याचे सूचित होते.

आधारद्रव्य हा प्रभाव कसा पाडते, याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. चेतापेशीच्या पृष्ठभागावरील आम्पा ग्राही स्थिर नसून इकडेतिकडे सरकत असतात, आणि थकलेल्या ग्राहीच्या जागी ताजा ग्राही येण्यावर सायनॅप्सची सलग कामाची क्षमता अवलंबून असते. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की हायल्युरोननची गुंफण या सरकण्याला अडसर ठरते, आणि ती विरघळवल्यावर ग्राहींची अदलाबदल वाढते. दुसरे उत्तर विद्युत् स्वरूपाचे आहे. जाळ्यामुळे निरोधक पेशीच्या आवरणाची विद्युत्भार साठवण्याची क्षमता कमी राहते आणि पेशी वेगाने आवेग देऊ शकते. ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगातील पेशी आधारद्रव्य कुरतडणारी विकरे सोडतात, त्यामुळे भोवतालच्या निरोधक पेशींचे जाळे विरते, त्यांचा वेग मंदावतो आणि आवर सुटतो, असे उंदरांवरील २०१८ च्या अभ्यासात आढळले. अशा रुग्णांना झटके का येतात, याच्या स्पष्टीकरणाचा तो एक भाग असू शकतो.

पेशी आणि आधारद्रव्य यांना वेगवेगळ्या प्रकरणांत हाताळणे लेखनाच्या सोयीसाठी अपरिहार्य असले, तरी निसर्गात ती सीमा नाही, आणि अलीकडचे सर्वांत फलदायी संशोधन या सीमेवरच झाले आहे. पॅरिस येथील नताली रुआश यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की उंदरांतील दृष्टीचा निर्णायक काळ बंद करण्यात तारकापेशींच्या परिपक्व होण्याचा सहभाग असतो. त्या परिपक्व होताना आधारद्रव्य तोडणाऱ्या एका विकराचे प्रमाण उतरते, निरोधक पेशी परिपक्व होतात, आणि कोवळ्या तारकापेशी प्रौढ मेंदूत रोपल्यास घडणक्षमता काही अंशी परतते. कोवळ्या तारकापेशींचे असे रोपण जर्मन संशोधकांनी १९८९ मध्येच प्रौढ मांजरांत करून पाहिले होते, यंत्रणेचा उलगडा व्हायला तीस वर्षे गेली. दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशी इंटरल्युकिन-३३ हा संदेशरेणू सोडून मायक्रोग्लियांना भोवतालचे आधारद्रव्य गिळण्याची सूचना देतात, आणि त्यामुळे नव्या सायनॅप्सना जागा मिळते. ही सूचना बंद पाडल्यास जुन्या आठवणींची अचूकता घटते. मायक्रोग्लिया सायनॅप्स गिळून तो नष्ट करते आणि आधारद्रव्य गिळून नव्याला वाट देते. एकाच कृतीचे दोन विरुद्ध परिणाम लक्ष्याच्या निवडीने ठरतात, आणि म्हणूनच या पेशीला सरसकट हितकारक वा घातक म्हणता येत नाही.

या ज्ञानाचा रोगांशी असलेला संबंध उघड आहे. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजाराशी जोडलेल्या जनुकीय खुणांपैकी सर्वांत ठळक खुणेचा काही भाग पूरक प्रथिनांपैकी सी४ च्या जनुकातील फरकांनी स्पष्ट होतो, असे २०१६ मध्ये बॉस्टन परिसरातील संशोधकांनी दाखवले, आणि त्यामुळे किशोरवयात छाटणी अतिरेकी होत असावी या जुन्या तर्काला रेणवीय आधार मिळाला. त्याच वर्षी अल्झायमरच्या उंदीर-नमुन्यात असे आढळले की प्रथिनांचे साके दिसू लागण्याआधीच पूरक प्रथिने सायनॅप्सवर खूण करू लागतात. दोन्ही निष्कर्षांकडे आशेने पाहावे, मात्र सावधपणे. जनुकीय संबंध म्हणजे आजाराचे पूर्ण कारण नव्हे, आणि मानवी अल्झायमरमध्ये जे दशकानुदशके घडते ते उंदरात काही महिन्यांत उतरवलेले असते.

स्मृतीच्या बाबतीत एक धाडसी कल्पना येथे नोंदवणे अगत्याचे आहे. प्रकाशमान प्रथिनांवरील कामासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले रॉजर त्सिएन यांनी २०१३ मध्ये सुचवले की आयुष्यभर टिकणाऱ्या आठवणी चेतापेशीभोवतीच्या जाळ्यातील छिद्रांच्या आकृतिबंधात नोंदल्या जात असाव्यात, कारण सायनॅप्समधील बहुतेक प्रथिने सतत बदलली जातात तर जाळ्याचे घटक दीर्घायुषी असतात. त्सिएन यांचे २०१६ मध्ये निधन झाले, आणि कल्पना अद्याप परिकल्पनेच्याच अवस्थेत आहे. बासेलच्या प्रयोगातील क्रम तिला अनुकूल नाही, आणि आठवणींत प्रमुख वाटा असलेल्या अनेक उत्तेजक पेशींभोवती दाट जाळे नसतेच. तरीही स्थैर्य कशात असते हा प्रश्न तिने नेमक्या शब्दांत विचारला, आणि ती चुकीची ठरली तरी त्या प्रश्नाचे उत्तर शोधावेच लागेल.

ग्रंथाच्या पुढील प्रकरणांत वर आलेल्या प्रत्येक प्रयोगाची पद्धती, आकडेवारी आणि आक्षेप सविस्तर येतील, आणि ते वाचताना एक मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागेल. येथील बहुतेक ज्ञान संवर्धनपात्रातील पेशींवर आणि उंदरांवर आधारलेले आहे. आधारद्रव्य विरघळवणारी विकरे बोथट साधने आहेत, ती सायनॅप्सलगतचे पातळ द्रव्य आणि दाट जाळे यांत भेद करीत नाहीत, आणि काही आठवड्यांत ते द्रव्य पुन्हा भरून येते. संशोधकांचे सध्याचे प्रयत्न त्यामुळे तीन दिशांनी चालू आहेत : एकाच प्रकारच्या पेशीभोवतीचे जाळे जनुकीय उपायांनी वगळणे, तारकापेशीच्या सूक्ष्मतम प्रवर्धांतील कॅल्शियमचे बदल जिवंत व जाग्या प्राण्यात टिपणे, आणि मानवी मूलपेशींपासून वाढवलेल्या तारकापेशी व मायक्रोग्लिया यांचे वर्तन उंदरांच्या पेशींशी ताडून पाहणे. यांपैकी तिसरी दिशा सर्वांत आधी फलद्रूप व्हावी अशी अपेक्षा बाळगण्यास जागा आहे, कारण २०१३ मध्ये मानवी ग्लायल पूर्वपेशी उंदरांच्या मेंदूत रोपल्या गेल्या तेव्हा त्या मानवी आकारमानापर्यंत वाढल्या आणि त्या उंदरांची शिकण्याच्या काही कसोट्यांतील कामगिरी सुधारली, परंतु सुधारणा नेमक्या कोणत्या स्रावामुळे वा कोणत्या संपर्कामुळे झाली हे त्या प्रयोगातून पुरते स्पष्ट झाले नव्हते.